गाडी जास्त झुकते तेव्हा

रेल्वे स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये एकाच मॉडेलच्या पाच-सहा गाड्या ओळीने लावलेल्या दिसल्या, तर जरा निरखून बघा. सगळ्या डावीकडे कललेल्या असतात, पण त्यांतली एखादी बाकीच्यांपेक्षा अंमळ जास्तच ओणवलेली असते. मालकाच्या ते लक्षात येत नाही, कारण ती काही एका रात्रीत झुकलेली नसते. लक्षात येतं ते शेजारी गाडी लावणाऱ्याच्या. हिचं हँडल त्याच्या आरशात अडकलेलं असतं आणि तो मनातल्या मनात चार शब्द बोलत ते सोडवत असतो.

अशा गाडीचा मालक गॅरेजमध्ये गेला की बहुतेक वेळा एकच वाक्य म्हणतो, “स्टँड ढिला झालाय, जरा आवळून द्या.” मेकॅनिकही पाना लावतो, दोन आटे फिरवतो, आणि गाडी परत. आठवडाभराने स्टँड पुन्हा होता तसा. या प्रकरणात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे की घासून सैल झालेला साइड स्टँड आवळून दुरुस्त होत नाही. का होत नाही हे कळलं, की काय करायचं हे आपोआप कळतं.

आधी सांध्याची रचना. चॅसीला एक जाड पोलादी पाती वेल्ड केलेली असते, तिला ब्रॅकेट म्हणतात. स्टँडच्या वरच्या टोकाला दोन कान असतात. पाती त्या दोन कानांच्या मध्ये बसते आणि तिन्हींमधून एक बोल्ट आरपार जातो. काही गाड्यांत हे उलटं असतं, कान ब्रॅकेटला आणि पाती स्टँडला, पण तत्त्व तेच. हा बोल्ट मात्र हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतो तसला नव्हे. डोक्याखालचा त्याचा बराचसा भाग गुळगुळीत असतो, त्यावर आटे नसतात. या भागाला खांदा म्हणतात. स्टँड फिरतो तो या खांद्यावर. आटे सुरू होतात तिथे बोल्टचा व्यास कमी होतो, आणि आवळताना खांद्याची कड टेकली की पान्याचा जोर तिथेच थांबतो. पुढे कितीही दम लावला तरी कान पातीवर दाबले जात नाहीत. तसे दाबले जाऊ नयेत म्हणूनच तर खांदा दिलेला असतो. बोल्ट घट्ट, पण स्टँड मोकळा, अशी दुहेरी सोय त्या एका नगात केलेली आहे.

आता झीज कुठे होते ते पाहू. एक, खांद्यावर. जुना बोल्ट काढून बोट फिरवलं तर पाती बसते त्या जागी नखाला पायरी लागते. दोन, भोकात. गोल भोक हळूहळू अंडाकृती होतं, कारण भार नेहमी एकाच दिशेने येतो. तीन, आणि याकडे फार कमी लोक बघतात, कानांच्या आतल्या बाजूंवर आणि पातीच्या दोन्ही तोंडांवर. गाडीचं झुकणं मुख्यतः या तिसऱ्या झिजेमुळे वाढतं. पाती पातळ होते, कान आतून खरवडले जातात, शिवाय बाहेरच्या बाजूला फाकतात. मग अडकित्त्याचा रिवेट सैल झाल्यावर पाती जशी आडवी हलते तसा स्टँड आडवा हलायला लागतो. अडकित्त्याचा रिवेट ठोकून घट्ट करता येतो, इथे तीही सोय नाही.

थोडा हिशेब करू. समजा कानाची उंची अडीच सेंटिमीटर आहे आणि सांध्यापासून जमिनीपर्यंतचा पाय पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे पाय कानाच्या दहापट लांब. पाती आणि कान यांच्यात फक्त अर्ध्या मिलिमीटरची फट पडली, तर खाली टोकाशी ती पाच मिलिमीटर होऊन बाहेर येते. जोराचंही तसंच. झुकलेल्या गाडीचा, समजा, तीस किलोचा भार स्टँडच्या टोकावर आला आणि ते टोक सांध्यापासून आडव्या अंतरात पंधरा सेंटिमीटर बाहेर असलं, तर कानाच्या कडांवर त्याचा दाब सहापट, म्हणजे १८० किलोच्या घरात जातो. हिरो होंडाने १९९४ मध्ये आणलेली स्प्लेंडर आजही एकशे बारा किलोच्या आसपासची गाडी आहे, आणि क्लासिक ३५० एकशे पंचाण्णव किलोची. गाडी लावताना ते सगळं वजन स्टँडवर येत नाही, बरंचसं चाकांवरच राहतं. तरीही हाताच्या दोन बोटांएवढ्या लोखंडावर एका माणसाच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दाब रोज, तासन्‌तास पडत राहतो. त्यात चिखल आणि वाळूचे कण गेले की झालंच, सांध्याची पॉलिशपेपरने घासाई सुरू.

यात एक दुष्टचक्रही आहे. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून पन्नास सेंटिमीटर उंच धरला, तर दहा अंश झुकलेल्या गाडीत तो चाकांच्या रेषेपासून साधारण पावणेनऊ सेंटिमीटर डावीकडे सरकतो. पंधरा अंश झुकली की जवळजवळ तेरा सेंटिमीटर. म्हणजे नुसत्या पाच अंशांनी स्टँडवरचा भार जवळपास दीडपट झाला. झीज झाली म्हणून गाडी जास्त झुकते, जास्त झुकली म्हणून भार वाढतो, आणि भार वाढला म्हणून झीज आणखी वेगाने होते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही, आणि मग एका पावसाळ्यात स्टँड एकदम कामातून जातो, त्याचं कारण हे.

आपल्या सवयीही त्यात भर घालतात. साइड स्टँडवरच्या गाडीवर बसून गप्पा मारणं हा आपल्याकडे चहाच्या टपरीवरचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. स्टँडवर असतानाच गाडीवर चढून किक मारणारेही भरपूर, आणि प्रत्येक किकेला तो सांधा उसळतो. पण सर्वांत जास्त हाल होतात दूधवाल्यांच्या गाड्यांचे. कोल्हापूर-सांगलीकडे पहाटे दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेल्या गाड्या दिसतात, त्यांचा स्टँड पाहा. बहुतेक ठिकाणी खाली पट्टी वेल्ड केलेली असते, कान दोनदा तरी भरून घेतलेले असतात. अशा गाडीवर एक साधी काळजी घेता येते. उतरवताना डावीकडची किटली आधी काढायची. उजवीकडची आधी काढली, तर डावीकडची सबंध किटली गाडीला स्टँडवर ओढत राहते. भरताना याच्या उलट, उजवी आधी. पण उजवीकडे फार जड माल एकटाच लावला, तर गाडी स्टँडवरून उठून पलीकडे जाते, तेव्हा एक हात हँडलवर हवाच.

स्टँडला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. मागचे शॉकअप उंच टाकले असतील किंवा जाड टायर बसवला असेल, तर गाडीच वर उचलली गेलेली असते. स्टँड मात्र तेवढाच, म्हणून ती जास्त झुकते. तिथे सांधा दुरुस्त करून काही उपयोग नाही. त्याच मॉडेलची नवी गाडी कुठे सपाट जमिनीवर लावलेली दिसली, तर फोनमधला कोन मोजणारा अॅप मागच्या रिमला टेकवून आकडा टिपून ठेवावा, मग आपल्या गाडीचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा.

तपासणी डबल स्टँडवर गाडी घेऊनच करायची. साइड स्टँड अर्धवट उघडा, टोकाला धरा आणि आधी गाडीच्या दिशेने आत-बाहेर हलवून पाहा. इथे खेळ असेल तर झीज कानांत आणि पातीत आहे. नंतर स्टँड पूर्ण पुढे उघडून पुढे-मागे आणि वर-खाली खेचून पाहा. सांध्यात टक्‌टक्‌ असा आवाज आला तर खांदा किंवा भोक गेलं आहे. तिसरी जागा म्हणजे अटकाव. स्टँड पुढे जाऊन जिथे थांबतो तिथे लोखंडावर लोखंड आपटून चकचकीत खड्डा पडतो. मग स्टँड ठरल्यापेक्षा जास्त पुढे जातो, त्याची उंची तेवढी कमी होते, आणि गाडी पुन्हा झुकते. टॉर्च घेऊन ब्रॅकेटच्या वेल्डिंगवरूनही नजर फिरवा. तिथे गंजाची केसाएवढी रेघ दिसली, तर ती तडा असू शकते. तसं असेल तर घरची दुरुस्ती तिथेच थांबवायची.

स्टँड सोडवताना त्रास देते ती स्प्रिंग. ती नुसती खेचणारी स्प्रिंग नाही. तिचं एक टोक ब्रॅकेटवरच्या खुंटीला आणि दुसरं स्टँडच्या पायाला असतं, आणि स्टँड फिरताना तिची ओढीची रेषा बोल्टच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते. मधल्या जागी ती सर्वांत जास्त ताणलेली असते, म्हणून स्टँड एकतर खटकन खाली जातो, नाहीतर खटकन वर. मधे लोंबकळत नाही. हीच स्प्रिंग थकली किंवा खुंटी झिजली, की खड्ड्यात गाडी आपटताच स्टँड खाली येतो. रस्त्यावर कुणीतरी अनोळखी माणूस जिवाच्या आकांताने “ओ दादा, स्टँड! स्टँड!” असं ओरडत मागून येतो, तो प्रत्येक वेळी आपल्या विसराळूपणामुळेच येतो असं नाही.

डावीकडे वळताना उघडा राहिलेला स्टँड जमिनीला टेकला, तर गाडी उचलली जाऊन पडते. या धोक्याचा विचार जगभर झालेला आहे. सत्तरच्या दशकातल्या होंडाच्या अनेक गाड्यांच्या स्टँडच्या टोकाला रबराचा एक तुकडा असे. तो जमिनीला घासला की स्टँड मागे ढकलून वर करी. अमेरिकेच्या मोटारसायकल सुरक्षा मानकातही, ज्याचा क्रमांक १२३ आहे, चालत्या गाडीचा स्टँड जमिनीला लागला तर तो मागे आणि वर दुमडला पाहिजे अशी अट आहे. युरोपने १९९३ मध्ये दुचाकींच्या स्टँडसाठी स्वतंत्र निर्देश काढला. त्याने स्टँड आपोआप मिटणारा असावा असं सांगितलं, आणि स्टँड उघडा असताना इंजिन गाडीला पुढे नेऊच शकत नसेल तर त्या अटीतून सूट दिली. आपल्याकडे बीएस-६ गाड्या आल्या तेव्हापासून, म्हणजे २०२० च्या सुमारास, बऱ्याच मॉडेलांत हा दुसरा मार्ग दिसू लागला.

स्प्रिंग काढण्यासाठी पक्कड लावून ओढाओढ करू नये. सुटली तर थेट तोंडावर येते, म्हणून चष्मा घालावाच. माहीतगार मेकॅनिकची युक्ती वेगळी आहे. स्टँड अशा जागी आणायचा जिथे स्प्रिंग जास्तीत जास्त ताणलेली असते. त्या वेळी तिच्या वेढ्यांमध्ये फटी पडतात. प्रत्येक फटीत एकेक पातळ वायसर किंवा एक रुपयाचं नाणं आडवं खोचत जायचं. सगळ्या बाजूंनी आठ-दहा नाणी बसली की स्टँड मिटवायचा. नाण्यांमुळे वेढे आकसत नाहीत, स्प्रिंग लांबच राहते आणि खुंटीवरून बोटाने उचलून काढता येते. बसवतानाही ती तशीच, नाण्यांसकट. मग ताणली की नाणी एकेक करून खाली टपाटप पडतात.

बोल्ट गंजून बसला असेल तर आदल्या रात्री रॉकेल आणि इंजिन ऑइल सोडून ठेवा. बोल्टच्या मागच्या टोकाला नट असेल तर आधी तो काढायचा, मगच बोल्ट फिरवायचा. घाईत बोल्टच फिरवला तर आटे तरी जातात किंवा डोकं तरी. आणि त्या बोल्टच्या जागी घरात पडलेला, शेवटपर्यंत आटे असलेला बोल्ट घालून देण्याचा मोह आवरा. या दुरुस्तीत सगळ्यात जास्त होणारा घोटाळा हाच. आट्यांचे दात भोकाला कानसीसारखे घासतात. खांदा नसल्याने नट आवळला की कान पातीला चिमटतात आणि स्टँड अडकतो, मिटतच नाही. सैल सोडला की खेळ पहिल्यापेक्षा जास्त. काही जण मग मधला मार्ग म्हणून अर्धवट आवळून नायलॉक नट लावतात. तो काही काळ तग धरतो, पण भोक मात्र झपाट्याने मोठं होत राहतं.

नवा मूळ बोल्ट आणि नवी स्प्रिंग स्वस्तात मिळतात, पुण्यात नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात तर सहज. फक्त खांदा झिजला असेल आणि भोक शाबूत असेल, तर एवढ्यावरच काम भागतं. नवा बोल्ट भोकात घालून हलवून पाहा. तो न डुगडुगता, पण बोटाने फिरेल असा बसला पाहिजे.

भोक गेलं असेल तर प्रश्न हा की कुठलं भोक. स्टँडच्या कानातलं असेल तर सोपं आहे, कारण स्टँड काढून पिशवीत घालून लेथवाल्याकडे नेता येतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी टर्नरला नुसतं “याला बुश मारून द्या” म्हटलं की बाकीचं त्याला ठाऊक असतं. तरी आकडे आपल्याला माहीत असलेले बरे. खांदा १२ मिलिमीटरचा धरला, तर भोक १६ चं करून त्यात गनमेटलचा बुश प्रेसने घट्ट बसवतात. बुशचं आतलं भोक १२ पेक्षा दहावा हिस्सा मिलिमीटर मोठं, म्हणजे ग्रीसला जागा राहते. कानाची रुंदी पंचवीस मिलिमीटर असेल, तर भोकाच्या दोन्ही बाजूंना साडेचार मिलिमीटर लोखंड उरतं. तेवढं पुरतं. पण कान आधीच बारीक असेल आणि टर्नर भोक अठराचं करायला निघाला, तर त्याला थांबवा, कारण कान तुटला की बुश कितीही चांगला असून फायदा नाही. अशा वेळी भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडलेलं बरं.

पाती चॅसीवरच असते, ती लेथवर जाणार नाही. तिचं भोक अंडाकृती झालं असेल, तर हातड्रिलने मोठं करू नका. ड्रिल झिजलेल्या बाजूकडेच पळतं आणि भोक वाकडं होतं. हाताने फिरवायचा रिमर लावून भोक गोल होईल तेवढंच काढायचं, आणि त्या मापाचा जाड खांद्याचा बोल्ट ईएन-८ च्या ब्राइट बारमधून लेथवर काढून घ्यायचा. साध्या एमएसचा बोल्टही चालतो, पण लवकर झिजतो. हे काम कुठल्याही टर्नरला अर्ध्या तासाचं. माझ्या मते जुन्या गाडीसाठी हाच सर्वांत शहाणा मार्ग आहे, कारण पुढे काही झिजायचंच असेल तर बदलता येणारा बोल्ट झिजावा, चॅसीला जडलेली पाती नव्हे.

राहिली आडवी फट. फाकलेले कान व्हाइसमध्ये दाबून जवळ आणता येतात, पण नुसते दाबू नका. पातीपेक्षा कागदाएवढा जास्त जाड लोखंडी तुकडा मधे घाला, म्हणजे दोन्ही कान समांतर राहतात आणि जास्त दाबले जात नाहीत. ओतीव लोखंडाचा स्टँड असेल तर हे करूच नये, तो वाकत नाही, फुटतो. पातीच झिजली असेल तर दोन्ही बाजूंना पातळ पोलादी शिम वायसर घालावेत. एकाच बाजूला जाड वायसर घातला की स्टँड तिरका बसतो आणि मिटताना सायलेन्सरला किंवा चेनकव्हरला घासतो.

अटकावाच्या खड्ड्यावर वेल्डिंगची एक रेघ मारून ती कानसीने थोडी थोडी उतरवत जायचं, दर वेळी गाडी खाली घेऊन कोन पाहायचा. इथे जास्त भरण्याचा उत्साह महागात पडतो. गाडी फार उभी राहिली तर पार्किंगमध्ये कुणाचा साधा धक्का लागला तरी उजवीकडे आडवी होते, आणि उजवीकडे तिला सावरायला काहीच नसतं. थोडी जास्त झुकलेली गाडी परवडली, पण फार उभी नको. उतारावर लावताना तोंड चढाकडे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये, नाहीतर गाडी पुढे सरकते आणि स्टँड स्वतःच मिटतो.

स्टँडचा खालचा तळवाही घासून बारीक होतो. विदर्भात मे महिन्यात डांबर मऊ पडलं की बारीक तळवा त्यात रुततो, आणि कोकणात पावसाळ्यात लाल मातीत. फरशीचा तुकडा खाली ठेवणं हा तात्पुरता उपाय आहे. पक्का उपाय म्हणजे तळव्याला चार-पाच मिलिमीटर जाडीची, थोडी मोठी पट्टी वेल्ड करणं. पण पट्टीने उंची वाढते, तेवढी गाडी उभी होते, म्हणून अटकाव आणि तळवा ही दोन्ही कामं एकाच वेळी, एकमेकांकडे बघून करावीत. पट्टीची पुढची कड वर वळवलेली असावी, म्हणजे ती रस्त्याला लागली तरी रुतत नाही, घसरते.

वेल्डिंग गाडीवरच करायचं असेल तर बॅटरीच्या तारा काढायच्या, इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूचा जोडही काढायचा, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायचा. टाकी उतरवलेली बरी, पेट्रोलच्या वाफेला ठिणगी पुरते. क्रोम किंवा जस्ताचा मुलामा असेल तर तो आधी घासून काढावा, त्याचा धूर छातीला वाईट.

जोडताना खांद्यावर आणि कानांच्या आत ग्रीस. बोल्ट पूर्ण आवळा, मग नट. स्प्रिंग लावण्याआधी स्टँड नुसत्या बोटाने फिरतो का ते पाहा. स्प्रिंग नसताना तो अडखळत असेल तर स्प्रिंगनेही तो नीट मिटणार नाही. स्प्रिंगचे आकडे खुंटीच्या खाचेत पूर्ण बसले आहेत ना, तेही पाहा.

स्टँडच्या सांध्याशी स्विच असलेल्या गाड्यांत एक काम उरतं. काहींत स्टँड मिटला की एक दांडी आत दाबली जाते, काहींत बोल्टच्या डोक्यावरच चुंबकाने चालणारा सेन्सर असतो. सैल स्टँडमुळे हाच स्विच खड्ड्यात फसतो, स्टँड उघडा आहे असं समजून चालत्या गाडीचं इंजिन बंद करतो, आणि मालक पेट्रोलचा पुरवठा, प्लग, कॉइल सगळं तपासत बसतो. वैतागून स्विचच्या दोन तारा जोडून टाकणारे मेकॅनिक आहेत. तसं करून घेऊ नका. नवा बुश बसल्यावर स्विच पुन्हा जागेवर आला का, ते डबल स्टँडवर इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून आणि क्लच दाबूनच ठेवून पाहावं. साइड स्टँड खाली केला की इंजिन बंद पडलं पाहिजे. मिटलेल्या स्टँडला हाताने जोरात हलवलं तरी ते चालूच राहिलं पाहिजे.